उतारावरचे मुके ट्रक

मी पत्रकांवर वाढलो. वडील वर्ध्याच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. शाई पसरलेली, ओळ तिरकी गेलेली पत्रकं ते घरी आणत आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवत असे. छापील बाजूही वाचत असे. त्यामुळे ‘कमळ’ लिहायला शिकण्याआधी मला ‘निषेध’ लिहिता येत होता. वडील गेले तेव्हा घरात मागे राहिलं ते गठ्ठाभर पत्रकं, नाल्याकाठची भाजीपाल्याची वाडी आणि ती वाडी एकटीनं ओढणारी माझी माय.

आमचं गाव वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आंजीच्या अलीकडे. गावापाशी रस्ता नाल्याकडे उतरतो. उताराच्या मध्यावर एका अंगाला शाळा, दुसऱ्या अंगाला वाड्यांकडे जाणारी पायवाट. मी लहान असताना या उतारावर बैलगाड्यांची चाकं करकरायची. सत्तरीची वर्षं सरता सरता बैलगाड्या कमी झाल्या आणि ट्रक वाढले. कापसाच्या हंगामात सकाळपासून आर्वीच्या जिनिंगमधून गाठी लादलेले ट्रक वर्ध्याच्या रेल्वे धक्क्याकडे निघत. उतारावर ते खालच्या गिअरमध्ये येत, इंजिन गुरगुरत, फुटक्या सायलेन्सरमधून फटफटाट, त्यावर हॉर्न. शाळेतले गुरुजी वाक्याच्या मध्येच थांबत, ट्रक गेला की उरलेलं अर्धं वाक्य सांगत. पोरं अर्ध्याअर्ध्या वाक्यांनीच शिकत होती. संध्याकाळी रिकामे ट्रक चढ चढून परत जात, पण तोवर शाळा सुटलेली असे.

याविरुद्ध आम्ही गावातल्या पोरांनी मंडळ काढलं. मागणी एकच: ट्रकांसाठी गावाबाहेरून वळणरस्ता. पत्रकं अर्थात मी लिहायचो. ‘आमच्या लेकरांच्या कानात कुणाचा नफा गरजतो?’ असं एक वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. आजही आवडतं. बांधकाम खात्याच्या साहेबांनी ते पत्रक वाचलं आणि विचारलं, “आवाज आवाज म्हणता, पण नेमका कशाचा? इंजिनाचा, हॉर्नचा, की तुमच्या भाषणांचा?” त्यांच्या कचेरीतले सगळे हसले.

म्हणून ऐंशीनंतरच्या एका थंडीत नागपूरचे एक प्राध्यापक गावात आले, तेव्हा मला वाटलं, साहेबांना उत्तर द्यायला विज्ञानच चालून आलं. प्राध्यापक इंजिनिअरिंग शिकवत. चालत्या ट्रकच्या कोणत्या भागातून किती आवाज निघतो, हे शोधणं हा त्यांचा अभ्यास होता, आणि त्यासाठी त्यांना असा उतार हवा होता. त्यांनी पायवाटेजवळ रस्त्याच्या कडेला एक लांबलचक लाकडी चौकट उभी केली. तिच्यावर ओळीनं मायक्रोफोन लावले, वाऱ्याचा आवाज लागू नये म्हणून प्रत्येकावर स्पंजाची टोपी. सगळ्या वायरी मागे उभ्या केलेल्या गाडीतल्या टेपरेकॉर्डरला जात होत्या, तिथं त्यांचा मदतनीस बसे.

“डोळे मिटून सांग, मी कुठं उभा आहे,” त्यांनी मला विचारलं.

“डावीकडे.”

“कसं कळलं?”

“आवाज तिकडून आला.”

“दोन कान आहेत म्हणून. डाव्या कानात आधी पोचला, उजव्यात किंचित मागून. एवढ्याशा फरकावरून डोकं दिशा ओळखतं. इथं आपण कानांची रांग लावली आहे. प्रत्येक कानात आवाज कधी पोचला ते टेपवर उतरतं. नागपूरला जाऊन त्या फरकांचा हिशेब केला, की ट्रकच्या कोणत्या जागेतून आवाज निघाला ते कागदावर काढता येतं. इंजिन इथं, धुराचा पाइप इथं, मागची चाकं इथं.”

मी भारावून गेलो. गुन्हेगाराची मानगूट धरून त्याला उभं करणारं यंत्र! त्या दिवसांत मी दुसरी कामं सोडून त्या चौकटीपाशीच असे. ट्रक येताना कुणी बोलायचं नाही, खोकायचं नाही, हा तिथला नियम. पोरं गर्दी करतात म्हणून प्राध्यापकांनी ठाण्याला विनंती केली आणि एक शिपाई काठी घेऊन चौकटीजवळ उभा राहू लागला.

तिथंच सगळं फिरलं.

उताराच्या वर चहाची टपरी होती. ट्रक तिथं थांबत. ड्रायव्हरांनी खाली पाहिलं तर रस्त्याच्या कडेला यंत्र, यंत्रामागे गाडी आणि गाडीपुढे पोलीस. याचा अर्थ त्यांना लावायचा तसाच त्यांनी लावला.

“मायक लावून राह्यले भाऊ,” टपरीवाला त्यांना सांगायचा. “जास्त आवाज केला का चालान.”

“अबे, ट्रक काय मांजर हाय का?”

“मंग बंद करून ने ना. उतार तर हाय.”

ही अक्कल टपरीवाल्याची की ड्रायव्हरांची, देव जाणे. पण पुढच्या सकाळपासून ट्रक टपरीपाशी इंजिन बंद करू लागले. गिअर सोडायचा, ब्रेक सोडायचा, आणि भरलेला ट्रक स्वतःच्या वजनानं उतरत सुटायचा. नाल्याच्या पुलावर पोचला की गिअरमध्ये टाकून धक्क्यानं इंजिन चालू करायचं. इंजिन बंद असलं की ब्रेकला लागणारी हवा भरत नाही, दोनचार वेळा पाय दाबला की ब्रेक संपतो. हे त्यांना माहीत होतं. म्हणून ते ब्रेक दाबतच नव्हते.

पहिल्या सकाळी गुरुजी शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. “आज धडा एका दमात झाला,” ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता, पण ते रस्त्याकडे बघत होते. कापसाच्या गाठींनी भरलेला एक ट्रक आमच्यासमोरून गेला. टायरांची सरसर तेवढी ऐकू आली. घरातून साप गेल्यावर जमिनीकडे बघत राहावं, तसे आम्ही रस्त्याकडे बघत राहिलो.

गावातलं एक म्हातारं कुत्रं रोज रस्त्याच्या मधोमध उन्हाला पडायचं. इंजिनाचा आवाज आला की अंग झाडत उठायचं आणि ट्रक गेला की परत येऊन पडायचं. ते दुसऱ्या दिवशी मेलं. मग एक शेळी मेली. शेळीची मालकीण रस्त्यावर बसून शिव्या घालत होती, पण कुणाला घालायच्या ते तिला कळत नव्हतं. कुणी काही पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं.

त्या संध्याकाळी माय चुलीपाशी बसून सांबाराच्या जुड्या बांधत होती. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. हात न थांबवता ती म्हणाली, “आज माह्या मांगून काहीतरी गेलं. वारा लागला पाठीले. वळून पाह्यलं तं टरक.”

माय आणि वाड्यांवरच्या बाया रोज सकाळी भाजीची टोपली डोक्यावर घेऊन पायवाटेनं येत, तिथूनच रस्ता ओलांडत आणि शाळेपुढे वर्ध्याची बस धरत. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हे भरलेलं टोपलं. मान वळत नाही. वळवायची तर अख्खं अंग वळवावं लागतं. म्हणून या बाया डोळ्यांनी रस्ता ओलांडतच नाहीत. कडेला थांबतात, ऐकतात, काही नसलं की निघतात. तीसेक वर्षं माय असाच रस्ता ओलांडत आली होती. गावातल्या कुठल्याच बाईला कधी खरचटलंही नव्हतं.

“टोपलं खाली ठेव, दोन्हीकडं पाहा, मंग जा,” मी म्हणालो.

“आन परत डोक्शावर कोन देईन? तू?”

“देईन की.”

“तू तं सभेत राह्यतं. तवा तुही सभा बोलावू का रस्त्यावर, टोपलं उचलाले?”

ती हसली. मी हसलो नाही.

सकाळी उठून मी प्राध्यापकांकडे गेलो. ते इतके खुशीत होते की मला बोलू देईनात. “अरे, जे आम्हाला मागूनही मिळालं नसतं ते हे ड्रायव्हर फुकट देतायत! इंजिन आणि पुढची चाकं एकाच जागी असतात. दोघांचे आवाज वेगळे करणं फार कठीण. आता इंजिनच बंद. चाकांचा शुद्ध आवाज! आणखी थोडे ट्रक मिळाले की झालं.”

“सर, माणूस मरेल.”

मनानं ते वाईट नव्हते. म्हणाले, “शिपायाला सांगतो, बायांना थांबवत जा म्हणून.” शिपाई बायांना थांबवू लागला, पण त्यालाही ट्रक ऐकू येत नव्हताच. आणि सकाळी तो टपरीवर चहाला जायचा तो जायचाच.

मंडळाची बैठक झाली. आमचे वयानं मोठे असलेले एक सोबती म्हणाले, “हा अभ्यास बिघडवू नकोस. अहवाल आला की वळणरस्ता मिळतो, आणि वळणरस्ता मिळाला की सगळाच प्रश्न मिटतो. थोडी कळ काढ.”

“कळ कुणी काढायची? तुमच्या घरातलं कोण डोक्यावर टोपलं घेऊन रस्ता ओलांडतं?”

मी रात्रीतून पत्रक लिहिलं. ‘ड्रायव्हर बंधूंनो, चालान होणार नाही, इंजिन चालू ठेवा.’ टपरीवर उभा राहून वाटलं. एका ड्रायव्हरनं ते उलटंसुलटं केलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“बाबू, पिछले साल तूच कागज दिला ना? आवाज बंद करा म्हणून?”

“हो.”

“आता म्हनते आवाज करा. तुमच्या गावाले पाहिजे तरी काय?”

सगळी टपरी हसली. “आन भैया,” तो पुढे म्हणाला, “इथून नाल्यापर्यंत डिझेल वाचते. मालकाले पता नाई, देवाले पता नाई. ते मी कायले सोडू?” माझ्या पत्रकावर भजी घेऊन तो ट्रकमध्ये चढला.

दुसऱ्या सकाळी मी चौकटीपाशी होतो. प्राध्यापकांनी हात वर केला, म्हणजे टेप सुरू, सगळ्यांनी गप्प. वरून एक ट्रक सुटला होता. गाठी इतक्या लादलेल्या की दोन्ही बाजूंनी ट्रकबाहेर आलेल्या. त्याच वेळी पायवाटेवरून माय वर आली. एकटीच होती, मागच्या बाया लांब होत्या. शिपाई टपरीवर. माय कडेला थांबली. तिनं ऐकलं. मला तिचं ऐकणं दिसत होतं: हनुवटी किंचित वर, डोळे समोर कुठंच नाहीत. मग तिनं पाऊल टाकलं.

मी ओरडलो. “माय, मांगं हो!”

प्राध्यापकांचा मदतनीस माझ्याकडे वळला, ओठांवर बोट ठेवून. ते बोट मी अजून विसरलेलो नाही.

माय मागे झाली, पण झटक्यानं झाली आणि टोपलं पुढे गेलं. ट्रक टोपल्यावरून गेला. मेथी, सांबार, वांगी, चुंबळ, सगळं रस्त्याला चिकटलं. ड्रायव्हरनं ब्रेकवर पाय ठेवला असेल-नसेल, ट्रकचा वेग कमी झालेला दिसला नाही. तो तसाच पुलापर्यंत गेला, तिथं धक्का घेऊन चालू झाला, आणि आवाज करत निघून गेला.

माय रस्त्याच्या कडेला बसली. दोन्ही हात डोक्यावर, टोपलं अजून तिथंच असल्यासारखे. मी जवळ गेलो तर म्हणाली, “काहीच नव्हतं रे. मी ऐकलं होतं. काहीच नव्हतं.”

हे ती दिवसभर म्हणत राहिली.

प्राध्यापकांनी त्याच दिवशी चौकट उतरवली. जाताना मायला नमस्कार केला. आम्हाला वाटलं, यंत्र गेलं, पोलीस गेला, आता ट्रक पूर्ववत होतील. झाले नाहीत. चालानाची भीती गेली पण डिझेलची गोडी राहिली.

काही महिन्यांनी प्राध्यापक आकृत्या घेऊन आले. शाळेत बैठक झाली, बांधकाम खात्याचे साहेबही आले. फळ्यावर ट्रकचं चित्र टांगलं होतं आणि चाकांभोवती दाट रेघांची वर्तुळं. इंजिनापाशी जवळजवळ कोरं. प्राध्यापकांनी प्रामाणिकपणे सांगितलं की, यातले बरेच ट्रक इंजिन बंद असलेले आहेत, हे ध्यानात घ्यावं. साहेबांनी सोयीचं तेवढंच ध्यानात घेतलं.

“म्हणजे आवाज चाकांचा,” साहेब म्हणाले. “म्हणजेच ट्रकचा नाही, रस्त्याचा. खडबडीत आहे म्हणून. वळणरस्त्याची गरजच काय? उतार गुळगुळीत करून देतो.”

मी उठून उभा राहिलो. म्हणालो, “साहेब, ज्या ट्रकांचा आवाज मोजला ते ट्रक चोरपावलांनी येत होते. चोर दबकत चालला म्हणून तो चोर नाही असं ठरवणार का?”

“तुमचं हे पत्रकात चांगलं दिसेल,” साहेब म्हणाले.

आणि सरकारनं आयुष्यात पहिल्यांदा आमचं काम वेळेत केलं. पावसाळ्याआधी उतारावर बारीक खडीचं नवं डांबर पडलं. काळं, सपाट, हात फिरवावा असं. पोरं त्यावर अनवाणी पळून बघत होती. पुढच्या हंगामात ट्रक आले तेव्हा टायरांची सरसरही गेली होती. मान वळवल्याशिवाय ट्रक आहे हे कळत नव्हतं, आणि मान वळवणं ज्यांना शक्य नव्हतं त्यांचाच तो रस्ता होता.

मी पत्रकं लिहिली. अजून लिहितो. मोर्चा नेला, निवेदन दिलं, रस्त्यावर बसलो तेव्हा एक दिवस कोठडीही पाहिली. वळणरस्ता नकाशावर आला आणि नकाशावरच राहिला. या सगळ्यात रोजची सकाळ काही थांबत नव्हती. भाजी शेतात थांबत नाही.

शेवटी बायांनीच मार्ग काढला. त्या आता एकट्या येत नाहीत. सगळ्या पायवाटेच्या तोंडाशी जमतात. रोज एक जण टोपलं न घेता येते. तिनं आधी रस्त्यावर जायचं, मधोमध उभं राहायचं, वर बघायचं, आणि बाकीच्या पार होईपर्यंत हलायचं नाही. त्या दिवशी तिचा बाजार बुडतो. पाळी लावून घेतली आहे. मी म्हणालो, मी उभा राहतो रोज, तुमचा बाजार कायले बुडवता? एक आठवडा उभा राहिलो. ड्रायव्हर मला बघून बाजूनं काढायचे, वर हसायचे. बाईला बघून मात्र थांबायचा प्रयत्न करतात.

“तुले पाहून त्यायले पत्रक आठवते,” माय म्हणाली. “तू वर जाय. टपरीपाशी उभा राह्य. कोनाचं इंजिन बंद झालं का फडकं हालवजो.”

तेव्हापासून मी सकाळी टपरीजवळ उभा असतो, हातात लाल फडकं. ड्रायव्हर चिडवतात, “गार्डसाहेब, गाडी सोडू का?” ज्यांना बोलून समजतं ते माझ्यासमोर इंजिन चालू ठेवतात. बाकीचे ठेवत नाहीत. आवाजाविरुद्ध लढायला निघालेला मी रोज सकाळी उभा राहून आवाज कुठं संपतो ते ऐकत असतो.

काल पाळी मायची होती, आणि काल धुकं होतं. नाल्यावरून आलेलं, पांढरं, शाळा गिळून बसलेलं. फडकं माझं मलाच धड दिसत नव्हतं. गाठींचा ट्रक टपरीपाशी थांबला, खोकला आणि बंद झाला. मी केबिनच्या दारावर हात आपटला. “चालू ठेव! खाली बाया हायेत!” ड्रायव्हर काच वर करत होता. ट्रक सरकला, माझ्या खांद्याला गाठीचं गोणपाट घासून गेलं आणि तो धुक्यात शिरला. आत शिरल्यावर तो नव्हताच.

मी ओरडलो. माय म्हणून ओरडलो, मग नुसताच ओरडलो. पळत सुटलो. खालून काहीच येत नव्हतं. पायांखाली तो गुळगुळीत रस्ता, पुढे पांढरं, आणि मी पळता पळता थांबलो, कारण माझ्याच पावलांच्या आवाजात मला काही ऐकू आलं नसतं.

मग खालून, बऱ्याच वेळानं, पुलावर धक्का बसून इंजिन चालू झालं. आणि त्याच्या अलीकडून मायचा आवाज आला, चिडलेला, धापा टाकणारा.

“अरे, वरडू नको, पोट्ट्या! मोजू दे. मोजून राह्यली मी बायायले.”

ती एकेकीला हाक मारू लागली. एकेक ओ येऊ लागली. मी धुक्यात उभा राहून ऐकत होतो, आणि माझ्या पाठीमागे, वर टपरीपाशी, दुसऱ्या ट्रकचं इंजिन बंद झालं.